हापूसची पट्टी, मामाचं कार्ड आणि लेकीचा लॅपटॉप

देवगड तालुक्यातल्या एका ताईंचा मेसेज आलाय, नाव देऊ नका म्हणाल्यात म्हणून देत नाही. थोडक्यात असं आहे: लेकीला कॅपमधून, म्हणजे सरकारच्या केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून, लोणेरेच्या कॉलेजात कॉम्प्युटर इंजिनीअरिंगला सीट मिळाली, चाळीसेक कलमांची बाग आहे, यंदा दलालाची पट्टी (विकलेल्या आंब्याचा हिशेब) आल्यावर मजुरी, खोकी, गाडीभाडं सगळं वजा जाऊन १,६५,००० खात्यात उरले, घरधन्यांची रिक्षा आहे ती महिन्याला पंधरा हजाराच्या आसपास देते, पावसात त्याहून कमी. एक लाखाची एफडी आहे, फेब्रुवारीत पिकते. कणकवलीच्या दुकानात ८९,९९० चा गेमिंग लॅपटॉप दाखवला, इंजिनीअरिंगला हाच लागतो म्हणाले, आणि मुंबईचा मामा म्हणतो माझ्या क्रेडिट कार्डावर बारा महिन्यांच्या नो कॉस्ट ईएमआयवर घ्या, तुम्ही मला दर महिन्याला पाठवा. नाहीतर एफडी मोडू का, की पाटल्या गहाण ठेवू, असा प्रश्न आहे.

ताई, पाटल्या कपाटातच राहू देत, एफडीला हात लावू नका, मामाचं कार्डही नको, आणि तो लॅपटॉप तर नकोच. आता का ते सांगतो, जरा लांबेल.

आधी नो कॉस्टचं बघू, कारण सगळे तिथेच अडकतात. फुकट व्याज असं काही नसतं, रिझर्व्ह बँकेने २०१३ मध्येच बँकांना सुनावलं होतं की शून्य टक्के व्याज ही गोष्टच अस्तित्वात नाही, व्याज कुठेतरी लपवलेलं असतं. होतं असं की बँक व्याज लावतेच, फक्त तेवढी सूट कंपनी किंवा दुकानदार आधीच वस्तूच्या किमतीत देतो, म्हणून तुमची बेरीज छापील किमतीइतकीच दिसते. तुमच्या केसमध्ये हप्ता ७,५०० धरा, कार्डाचा दर १६ टक्के धरला तर त्यात व्याज साधारण ७,३०० आहे. कार्डाच्या व्याजावर १८ टक्के जीएसटी लागतो आणि तो कोणी सूट म्हणून देत नाही, म्हणजे १,३०० च्या आसपास वर, प्रोसेसिंग फी २९९ सांगितलीत तुम्ही, तिच्यावर पुन्हा जीएसटी. असे सोळा-सतराशे जातात. फार नाहीत, मान्य आहे. मी नुसत्या ह्या पैशांसाठी नको म्हणालो नसतो.

खरी अडचण वेगळी आहे. हप्ता महिन्याचा आणि तुमचं उत्पन्न वर्षाचं. मुंबईत पगारावर जगणाऱ्या माणसाला ईएमआय सोयीचा पडतो कारण एक तारखेला पैसे येतात आणि पाच तारखेला जातात. तुमच्याकडे पैसा येतो एप्रिल-मेमध्ये, तोही दलाल कधी पट्टी पाठवेल तेव्हा, आणि नंतर आठ-नऊ महिने बाग फक्त मागत असते. ऑगस्टपासून हप्ता सुरू झाला तर तो कोणाच्या जिवावर? रिक्षाच्या. पंधरा हजारातले साडेसात, तेही श्रावणात जेव्हा पर्यटक नाही आणि मच्छी बंद असल्यामुळे बाजारालाही उठाव नसतो. मग एखादा महिना चुकणार, आणि चुकला की मामाच्या कार्डावर लेट फी आणि महिन्याला साडेतीन टक्क्यांच्या आसपास व्याज, म्हणजे वर्षाचे चाळीसच्या वर. सिबिल, म्हणजे बँकेतली पत, मामाची बिघडणार आणि तो तोंडावर काही बोलणार नाही, पण वहिनी बोलतील. अशी भाऊबीज मी जवळून बघितलीय, आमच्याच नात्यात, फक्त तिथे फ्रिज होता.

आता १,६५,००० चं बघू, कारण ते दिसतात तेवढे तुमचे नाहीत. आमच्याकडे म्हणतात ना, पैसो इलो नि पैसो गेलो, तसं होतं ते मोठी रक्कम एकदम दिसते म्हणून. तुम्हीच लिहिलंय की खत, मोहोरासाठीचं कल्टार, आणि मोहोर सुरू झाल्यावरच्या फवारण्या मिळून ६०,००० लागतात. ते पैसे बागेचेच आहेत, ते बाजूला काढा आणि विसरून जा. थ्रिप्स ही कीड वाढली की दोन फवारण्या जास्त होतात हे मी तुम्हाला सांगायला नको. त्यात हात घालून लॅपटॉप घेतला तर पुढच्या मेमध्ये पेट्या कमी निघतील, आणि दलालाकडून आधीच उचल घ्यावी लागेल, मग भाव तो ठरवणार. लॅपटॉपची खरी किंमत तिथे लागते, दुकानात नाही.

होस्टेल आणि मेसचे पहिल्या सहामाहीचे ४२,००० लिहिलेत. फीचं मात्र नीट समजून घ्या. राज्य सरकारने २०२४ च्या जुलैत जीआर काढला, त्यात कॅपमधून व्यावसायिक कोर्सला प्रवेश घेणाऱ्या ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी मुलींची ट्यूशन फी आणि परीक्षा फी पूर्ण माफ आहे, घरचं उत्पन्न वर्षाला आठ लाखाच्या आत असेल तर. तुम्ही ओबीसीत येता, उत्पन्नही बसतं, तेव्हा उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, नॉन क्रिमीलेअर सगळं तहसीलमधून वेळेत काढा, कागद अपुरे म्हणून माफी अडकलेली पोरं दरवर्षी भेटतात. पण माफी ह्या दोन फींचीच आहे, बाकीचे चार्जेस भरावे लागतात, त्याला तुम्ही १५,००० धरलेत ते बरोबर धरलेत.

तर ६० आणि ४२ आणि १५, झाले १,१७,०००. उरतात ४८,०००. हा तुमचा लॅपटॉपचा खिसा. ८९,९९० चा विषय इथेच संपतो खरंतर, पण चेडवाला, म्हणजे लेकीला, पटलं पाहिजे म्हणून मशीनचंही बोलू.

इंजिनीअरिंगचं पहिलं वर्ष सगळ्या शाखांना जवळपास सारखंच, गणित, फिजिक्स, ग्राफिक्स, थोडं सी किंवा पायथन. पायथन शिकायला गेमिंगचं ग्राफिक्स कार्ड लागत नाही, ते लागतं गेम खेळायला, व्हिडिओ एडिटिंगला, थ्रीडीला. पुढे मशीन लर्निंग करायचं म्हटलं तरी कॉलेजची लॅब असते, आणि इंटरनेटवर फुकट मिळणाऱ्या मशीनवर पोरं काम करतात. गेमिंग लॅपटॉप सव्वादोन-अडीच किलोचा, त्याचा चार्जरच विटेएवढा, बॅटरी लेक्चर संपायच्या आत मान टाकते, आणि होस्टेलच्या खोलीत चौघींत प्लग दोन. तिला लागतं ते एवढंच की अलीकडच्या पिढीतला आय फाईव्ह किंवा रायझन फाईव्ह प्रोसेसर, १६ जीबी रॅम, ५१२ जीबीची एसएसडी, फुल एचडी स्क्रीन, वजन दीड किलोच्या आसपास. हल्ली रॅमचे भाव चढलेत म्हणून १६ जीबीवाला बजेटबाहेर गेला तर ८ जीबीचा घ्या, पण विचारून घ्या की रॅमचा स्लॉट रिकामा आहे ना, काही मॉडेलमध्ये रॅम बोर्डावरच चिकटवलेली असते, मग नंतर वाढवता येत नाही. ५५ च्या आसपास धरा, फार तर ५८.

मामाने मॅकबुकचंही सुचवलंय. वस्तू चांगली आहे, माझ्या मुलीकडे आहे, पण पैसे कुठून येणार हा प्रश्न तोच राहतो आणि बिघडला तर देवगडहून कुठे नेणार हा आणखी एक. पुतण्याचा जुना १५,००० ला मिळतोय म्हणालात, तर त्याला फक्त विचारा प्रोसेसर इंटेलच्या आठव्या पिढीच्या आधीचा आहे का. असेल तर त्यावर अधिकृतपणे विंडोज ११ बसत नाही, आणि विंडोज १० चा सपोर्ट मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला बंद केला. तसा असेल तर नको. नसेल आणि बॅटरी बरी असेल तर पहिल्या वर्षाला तो वाईट नाही, उलट मला आवडेल, पण मुलीचं मन मोडून नको.

मग वरचे सात ते दहा हजार कुठून? मामाकडूनच. त्याला म्हणावं कार्ड नको, भाचीला दहा हजाराची भेट दे. उधार नाही, भेट. नव्वद हजाराचा भार कार्डावर घ्यायला तयार असलेला मामा दहा हजार आनंदाने देईल, आणि नाही दिले तर त्याचं प्रेम किती खोल आहे ते फुकटात कळेल. तोही मार्ग बंद झाला तर एफडी मोडू नका, तिच्यावर ओव्हरड्राफ्ट घ्या, म्हणजे ती तारण ठेवून उचल. बँका साधारण एफडीच्या ९० टक्क्यांपर्यंत देतात, दर एफडीच्या दरापेक्षा एक-दोन टक्के जास्त. तुमची एफडी ७ ची आहे, दर ८ धरला तर दहा हजाराला सहा महिन्यांचं व्याज ४०० रुपये, आणि फेब्रुवारीत एफडी पिकली की आपोआप मिटलं. मोडलीत तर बँक आधी झालेल्या मुदतीचा कमी दर लावते आणि वर दंड कापते, तो अर्धा-एक टक्का असतो बहुतेक ठिकाणी. शिवाय ती एक लाखाची एफडी म्हणजे तुमच्या घरातली एकुलती एक आडवेळेची सोय आहे. रिक्षाचं इंजिन निघालं तर काय करणार?

पाटल्यांबद्दल मी उगाच नाक मुरडणार नाही. खरं सांगायचं तर तुमच्यासारख्या घराला सोनेतारण ईएमआयपेक्षा जास्त जुळतं, कारण वर्षाच्या शेवटी व्याजासकट एकदम फेडता येतं, म्हणजे आंब्याच्या पैशात. पण ती सोय मोठ्या अडचणीला ठेवा. अवकाळी पाऊस ऐन मार्चमध्ये येऊन पीक गेलं, तेव्हा पाटल्या उपयोगी येतात. आज त्या लॅपटॉपला लावल्या तर त्या दिवशी हात रिकामे.

एक राहिलं, शैक्षणिक कर्ज. दुसऱ्या वर्षी होस्टेल जड जाईल असं वाटत असेल आणि कर्ज घ्यायचंच असेल तर बँकेत जाताना लॅपटॉपचं कोटेशन सोबत न्या, कोर्सला लागणारा कॉम्प्युटर त्या खर्चात धरतात, आणि चार लाखापर्यंत तुमचा वाटा मागत नाहीत. मुद्दलाचे हप्तेही शिक्षण संपल्यावरच सुरू होतात. पण फक्त लॅपटॉपसाठी कर्ज काढायला बँकेच्या खेपा मारू नका, डिझेल जास्त जाईल.

आता कधी घ्यायचा. आत्ता नाही. कॅपचे पुढचे राउंड आहेत, बेटरमेंटमध्ये (आणखी वरची पसंती मिळते का बघताना) कॉलेज बदललं, शाखा बदलली, मेकॅनिकल आली तर मशीनही बदलेल. कॉलेज सुरू होऊ दे, आयकार्ड हातात येऊ दे कारण बऱ्याच कंपन्या विद्यार्थ्यांना सूट देतात ती आयकार्डावर किंवा कॉलेजच्या ईमेलवर, आणि कॉलेजची नोंदणी असेल तर त्याच ईमेलवर मायक्रोसॉफ्ट ऑफिस फुकट मिळतं, नाहीतर फुकटचं लिबर ऑफिस आहेच. तिथल्या सीनियर मुलींना विचारू दे त्या काय वापरतात. दसऱ्याच्या सेलपर्यंत थांबलात तरी पहिल्या सेमिस्टरचं लॅबवर भागतं.

फक्त ते ४८,००० तोवर टिकले पाहिजेत, आणि मध्ये गणपती आहेत. घराला रंग, गणपतीवरची माटवी, मुंबईची चार बिऱ्हाडं पंधरा दिवस मुक्कामाला, मला माहीत आहे काय होतं ते. तेव्हा आजच त्या रकमेची तीन महिन्यांची एफडी लेकीच्या नावावर करा, अठरा पूर्ण असतील तर तिच्या एकटीच्या. व्याज किरकोळ मिळेल, पण रंगवाल्याला देता येणार नाहीत.

दुकानात गेल्यावर दोन गोष्टी विचारा. एक, रोख दिले तर किती कमी, कारण ईएमआयवाल्याला जी सूट देतात ती रोखवाल्याला मागितल्याशिवाय कोणी देत नाही. दुसरं, वॉरंटी घरी येऊन आहे की आपण घेऊन जायचं, आणि घरी येऊन असेल तर होस्टेलच्या पिनकोडवर चालते का. दुकानदाराची स्वतःची एक्स्टेंडेड वॉरंटी घेऊ नका, मी एकदा साडेतीन हजाराची घेतली होती, दोन वर्षांनी गेलो तर दुकानाच्या जागी मोबाईलचं शोरूम. कंपनीची घ्या, पडण्या-सांडण्याचं कव्हर असेल तर जरूर घ्या, होस्टेलात चहा सांडतोच.

आणि खाऱ्या हवेचं सांगून ठेवतो. माझा जुना लॅपटॉप एका पावसाळ्यात जूनपासून ऑगस्टपर्यंत घरी बॅगेत बंद राहिला, काढला तेव्हा स्क्रीनवर बुरशी आणि चार्जिंगच्या पिनेला गंज. सुट्टीत घरी आली की रोज तासभर तरी चालू करायला सांगा, चालू मशीन गरम राहतं आणि ओल धरत नाही. वीज कडाडायला लागली की प्लग काढायचा, नुसता स्विच बंद करून चालत नाही. बिल आणि खोकं जपून ठेवा, पण आंब्याची खोकी ठेवता त्या पडवीत नको, उंदीर दोन्ही कुरतडतील.