पर्स ओट्यावर ठेवावी का?

वाचकांचे प्रश्न, एका निवृत्त सूक्ष्मजीवशास्त्र शिक्षिकेची उत्तरे

प्रश्न : मी नाशिकला इंदिरानगरमध्ये राहते. शालिमारला शहर बसने जाणं-येणं असतं, बुधवारी गंगाघाटावरच्या बाजारातून भाजी आणते. घरी आले की पर्स स्वयंपाकाच्या ओट्यावर ठेवायची माझी जुनी सवय. सून ती लगेच उचलून बाहेर नेऊन ठेवते. आता मोबाईलवर मेसेज आलाय की पर्सवर कमोडच्या सीटपेक्षा जास्त जंतू असतात. नातू तर माझ्या पर्समधून बिस्किटं काढून खातो. एवढी भीती बाळगायची का? पर्स रोज धुवायची का?
– एक आजी, इंदिरानगर

उत्तर : ताई, रोज धुवायची गरज नाही. पण ओट्याच्या बाबतीत सूनबाईंचं बरोबर आहे.

आधी तो मेसेज. २०१३ साली ब्रिटनमध्ये स्वच्छतागृहांना सेवा पुरवणाऱ्या एका कंपनीने पर्स तपासल्या आणि पाचातली एक पर्स कमोडच्या सीटपेक्षा अस्वच्छ असल्याचं जाहीर केलं. तेव्हापासून ही तुलना फिरते आहे. ऐकून अंगावर काटा येतो, पण सीट गुळगुळीत असते, कोरडी असते आणि बहुतेक घरांत नेमाने घासली जाते. तिच्यावर जंतू मुळात कमीच सापडतात. तिच्याशी तुलना केली की घरातली कुठलीही वस्तू गुन्हेगार ठरते.

शिवाय नुसत्या संख्येवरून धोका कळत नाही. मी विद्यार्थ्यांना स्वतःच्याच बॅगांचे स्वॅब घ्यायला लावायचे. एक पट्ट्यावरून, एक तळावरून. जंतू वाढवण्यासाठी वापरतात त्या अगरच्या, म्हणजे जेलीसारख्या थराच्या, प्लेटवर रेघा ओढून ३७ अंशांवर रात्रभर ठेवायच्या. सकाळी पट्ट्याच्या प्लेटवर पांढऱ्या-पिवळ्या ठिपक्यांची गर्दी दिसायची आणि मुली घाबरायच्या. त्यातले बहुतेक स्टॅफिलोकोकस जातीचे, म्हणजे आपल्याच कातडीवर राहणारे. ते हातावरून पट्ट्यावर आलेले असतात आणि निरोगी माणसाला सहसा त्रास देत नाहीत. मी सांगायचे, गर्दी मोजू नका, कोण आलंय ते बघा. मॅकॉन्की अगर या खास प्रकारच्या अगरवर गुलाबी वसाहती, म्हणजे जंतूंचे ठिपके, उगवले तर आतड्यात राहणाऱ्या, विष्ठेतून बाहेर पडणाऱ्या जंतूंचा संशय घ्यायचा. तशा वसाहती पट्ट्यापेक्षा तळाच्या प्लेटवर जास्त दिसायच्या.

तळ कुठे कुठे टेकतो ते आठवून बघा. बसमध्ये पायाशी, घाटावर भाजी निवडताना दगडी फरशीवर, देवळाबाहेर चपलांच्या शेजारी. आणि सगळ्यात वाईट म्हणजे सार्वजनिक स्वच्छतागृहाची ओली फरशी. तिथे दारामागे खुंटीच नसते. बाईने एका हाताने साडी सावरायची, दुसऱ्याने नळ धरायचा, मग पर्स ठेवायची कुठे? सिंहस्थासाठी गावात जी काही स्वच्छतागृहं बांधली जातील, त्यांच्या प्रत्येक दारामागे खुंटी हवी, असं मला मनापासून वाटतं. चार पैशांची वस्तू आहे, आणि बायकांनीच मागितल्याशिवाय ती कुणाला सुचणार नाही.

तोच तळ घरी येऊन ओट्यावर टेकतो. तिथे आपण कोथिंबीर चिरतो, काकडी सोलतो, कणकेचा गोळा ठेवतो. पोळी तव्यावर भाजली जाते, तिची काळजी नाही. कोशिंबीर मात्र कच्चीच पानात येते. म्हणून पर्ससाठी दाराशी खुंटी ठोका. सोफ्यावर टेकली तर बिघडत नाही. ओटा, जेवणाचं टेबल आणि बाळाचं अंथरूण एवढं सोडा.

नातवाची बिस्किटं झाकणाच्या डबीत ठेवा. सुट्ट्या नोटा आणि उघडा पुडा एका कप्प्यात नको. आणि त्याला खाण्याआधी हात धुवायला लावा, कारण पर्सवरचा जंतू आपल्या आपण तोंडात जात नाही, त्याला हाताने न्यावं लागतं. साबण लावून किमान २० सेकंद चोळायचं, नखांच्या कडा आणि अंगठाही. बाहेर पाणी नसेल तर किमान ६० टक्के अल्कोहोलचं सॅनिटायझर चालतं, पण भाजीची माती हाताला असेल तर ते नीट काम करत नाही. उलट्या-जुलाबाची साथ पसरवणाऱ्या नोरोव्हायरसवरही त्याचा प्रभाव कमी पडतो. तिथे साबण-पाणीच हवं.

पर्सच्या सफाईचं म्हणाल तर रेक्झिनची असेल तर आठवड्यातून एकदा साबणाच्या पाण्यातून पिळलेल्या फडक्याने पट्टा आणि तळ पुसा. कापडी पिशवी सरळ धुऊन उन्हात टाका. चामड्यावर सॅनिटायझर फवारू नका, रंग जातो आणि चामडं कोरडं पडून तडकतं. जंतूंना वाढायला ओल आणि खाणं लागतं, तेव्हा नाक पुसलेला रुमाल, अर्धं चॉकलेट, पावसाळ्यातली ओली छत्री आत राहू देऊ नका. मटण किंवा मासे आणायची पिशवी वेगळीच असू द्या.

प्रश्न : सातपूरला कारखान्यात काम करतो. डबा खाताना मोबाईल हातातच असतो. बायको ओरडते. मोबाईल पर्सपेक्षा स्वच्छ नाही का?
– एक कामगार

उत्तर : नाही. पर्स निदान जेवताना बाजूला पडते. २०११ साली लंडन स्कूल ऑफ हायजिन अँड ट्रॉपिकल मेडिसिन आणि क्वीन मेरी विद्यापीठ यांनी ब्रिटनमधल्या १२ शहरांत मोबाईल आणि हात तपासले. दर सहातल्या एका मोबाईलवर विष्ठेतले जंतू सापडले. संडासातून येऊन हात न धुता फोन उचलला की तो जंतू फोनवर बसतो. पुढे हात धुतले तरी फोन तसाच राहतो, आणि घास घेता घेता तुम्ही पुन्हा त्यालाच हात लावता.

संडासात फोन नेऊ नका. डबा उघडण्याआधी तो खिशात टाका, मग हात धुवा, याच क्रमाने. रात्री फोन बंद करून ७० टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोलने किंचित ओलसर केलेल्या मऊ कापडाने पुसा. फोनवर थेट फवारू नका.

प्रश्न : कॉलेज रोडच्या हॉस्टेलवर आम्ही मैत्रिणी एकच काजळ आणि लिपस्टिक वापरतो. चालेल का?
– एक विद्यार्थिनी

उत्तर : नाही चालणार, बाळा. या पानावरच्या सगळ्या वस्तूंत मला खरी चिंता याची वाटते, कारण इथे हाताचीही मध्यस्थी नाही. जंतू एकीच्या डोळ्यातून थेट दुसरीच्या डोळ्यात जातो. २०२३च्या पावसाळ्यात महाराष्ट्रभर डोळे येण्याची साथ होती, तेव्हा एका टॉवेलने घरंच्या घरं लालबुंद डोळ्यांनी बसली होती. पूर्वी खुपरी (ट्रॅकोमा) हा डोळ्यांचा रोगही असाच, एकाच बोटाने सगळ्या पोरांना काजळ घालताना पसरायचा. खुपरी ही आता भारतात सार्वजनिक आरोग्याची समस्या राहिलेली नाही, असं जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर २०२४ मध्ये मान्य केलं. इतक्या वर्षांच्या कामानंतर मिळालेलं हे यश आहे.

लिपस्टिकमधून ओठावर फोड आणणारा हर्पीसचा विषाणू पसरू शकतो. काजळ, लिपस्टिक, मस्कारा प्रत्येकीचं वेगळं ठेवा, नावाची चिठ्ठी चिकटवा. मस्कारा तीन महिन्यांनी बदला. आणि कुणाचे डोळे आले असतील तर बरं झाल्यावर तिने ती काजळकांडी टाकून द्यावी, महाग असली तरी.