वर्गातला विद्यार्थी पैशांच्या अडचणीत आहे हे कसं ओळखावं, आणि त्याला मदत कशी करावी?
तो स्वतःहून सांगेल याची वाट पाहू नका, बहुतेक जण संकोचतात. खुणा बारीक असतात. महिना उलटला तरी पुस्तक घेतलेलं नसतं, सहलीच्या वेळी नेमकं घरी काम निघतं, जेवणाच्या सुट्टीत तो एकटाच वाचनालयात असतो, रात्री कामाला जाऊन सकाळच्या तासाला पेंगतो. फी भरायची तारीख जवळ आली की गैरहजेरी वाढते. आपण याला आळस म्हणून मोकळे होतो, आणि हेच मला फार सलतं.

एकटा असताना सरळ विचारा, "फी, पुस्तकं, जेवण, सगळं जमतंय ना?" फी थकलेल्यांची नावं वर्गात कधीही वाचू नका; तो अपमान मुलं विसरत नाहीत. फीचे हप्ते करून मिळतील का, हे विचारायला कार्यालयात त्याच्यासोबत जा. शिष्यवृत्तीचा अर्ज पुष्कळदा एखाद्या दाखल्यापायी अडतो, तो शेजारी बसून भरून घ्या. आणि पाठ्यपुस्तकाच्या दोन-तीन प्रती वाचनालयात तिथेच बसून वाचण्यासाठी राखून ठेवायला सांगा. मग कुणालाच कुणापुढे हात पसरावा लागत नाही.