हार्डली स्ट्रिक्टली ब्लूग्रास: पहिल्यांदा जाताय ना?

जरूर जा! ऑक्टोबरच्या सुरुवातीला सॅन फ्रान्सिस्कोच्या गोल्डन गेट पार्कमध्ये शुक्रवार ते रविवार ब्लूग्रास (बँजो आणि फिडल म्हणजे व्हायोलिनवरचं अमेरिकन लोकसंगीत) आणि इतरही गाणं चालतं, तिकीट काही नाही. 2001 पासूनचा हा उत्सव, इतकं चांगलं संगीत फुकट क्वचितच मिळतं.

गाडी नेऊ नका. पार्किंग शोधण्यात दोन तास जातात. बार्ट या लोकल रेल्वेने सिव्हिक सेंटर स्टेशनला उतरा, तिथून एन-जुडा ट्रॅम.

नवखे लोक हमखास थंडीत सापडतात. दुपारी ऊन चटकतं म्हणून टी-शर्टवर येतात आणि चार-पाचच्या सुमाराला समुद्रावरून धुकं आलं की कुडकुडतात. माणशी एक स्वेटर हवाच, लहान मुलांना कानटोपीसुद्धा. गवत दवाने ओलं असतं, नुसती चादर दहा मिनिटांत भिजते. खाली प्लास्टिकची ताडपत्री, वर सतरंजी.

डब्यात दशम्या किंवा थालीपीठं, माणशी तीन, कोरडी शेंगदाण्याची चटणी आणि काकडीचे काप. पोहे नकोत, गार झाले की कोरडे पडून घशात अडकतात. ओल्या नारळाची चटणीही घरीच ठेवा, उन्हात आंबते. काचेची बाटली आत नेऊ देत नाहीत.

सगळे मंच गाठायचा हट्ट मात्र सोडा. दिवसाला दोन पुरेत. बसायला स्टेजसमोरची गर्दी टाळून ध्वनिनियंत्रणाच्या तंबूच्या थोडं मागे जागा धरा. आवाज तिथे सगळ्यात नेटका लागतो, बँजो आणि फिडल वेगवेगळे ऐकू येतात.

गर्दीत फोन लागत नाही, तेव्हा चुकामूक झाली तर कुठल्या झाडाखाली भेटायचं ते आधीच ठरवा.