नाशिकमध्ये रो-हाउससमोरचा कोबा फोडून बाग करायची आहे. महापालिकेची परवानगी लागते का?

नाही लागत. अंगण तुमच्या मालकीचं आहे, नुसता कोबा काढून माती भरायची आहे, भिंत, शेड, छत असलं काही उभं करायचं नाही, मग अर्ज घेऊन कुठल्याही खिडकीवर उभं राहायचं कारण नाही.

तुम्ही लिहिलंय की सोसायटीवाले ‘आधी कॉर्पोरेशनची परमिशन आणा, मग बघू’ म्हणतात. शिवाय विभाग कुठला आणि खर्च किती, हेही विचारलंय. मी उत्तर लिहायला बसले ते त्या सोसायटीच्या वाक्यामुळे. हेच वाक्य मी २०२१ मध्ये आमच्या सोसायटीच्या सभेत ऐकलंय, अगदी शब्दाला शब्द.

आमचं घर इंदिरानगरला. चौदा रो-हाउसची ओळ, १९९४ चं बांधकाम. प्रत्येकाच्या पुढे चौदा बाय बारा फुटांचं अंगण. राहायला आलो त्याच पावसाळ्यात सासूबाईंनी फाटकाशेजारी प्राजक्त लावला. जमीन काळी, त्यामुळे जून ते सप्टेंबर चिखल व्हायचा हे कबूल. चपला ओट्याखाली धुऊनच घरात यावं लागायचं. पण श्रावणापासून दिवाळीपर्यंत पहाटे अंगणात सडा पडलेला असायचा आणि ती ओंजळभर फुलं वेचल्याशिवाय त्यांची पूजा सुरू होत नसे.

२००६ मध्ये भाऊजींनी, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांनी, गाडी घेतली. तेव्हा आम्ही एकत्रच राहत होतो. मी आणि हे चार दिवस सिन्नरला माझ्या माहेरी गेलो होतो. परत आलो तर अंगणभर कोबा. वर मातीचे वाफे करून पाणी सोडलेलं, आणि फाटकाशेजारी प्राजक्ताचा खुंटही दिसेना, तोसुद्धा काँक्रीटखाली गेला होता. सासूबाई काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवसापासून फुलवाल्याची पुडी सुरू केली. मी मात्र बोलले, आणि तेव्हापासून भाऊजींचं आणि माझं या विषयावर एकमत झालेलं नाही. मुळांनी पाया तडकतो, झाडापाशी साप येतात, चिखल होतो, आणि गाडी काय डोक्यावर ठेवायची? हे त्यांचे चार मुद्दे, तेव्हाही हेच आणि आजही हेच. सासूबाई २०११ मध्ये गेल्या. पुढे भाऊजी गंगापूर रोडला फ्लॅटमध्ये राहायला गेले. कोबा आमच्याकडे राहिला.

तो फोडायचा हे मी २०१९ च्या ऑगस्टमध्ये ठरवलं. गोदावरीला मोठा पूर आला होता, नदीपात्रातला दुतोंड्या मारुती बुडाला होता, सगळे नदीकडे बघत होते. मी गल्लीकडे बघत होते. एव्हाना चौदाही अंगणं पक्की झालेली, कुणाचा कोबा, कुणाचे पेव्हर ब्लॉक, कुणाच्या पार्किंग टाइल्स. छपराचं पाणी पाइपातून अंगणात, अंगणातून फाटकाखालून रस्त्यावर, आणि रस्त्याच्या उतारानं थेट शेवटच्या घरात. त्या घरच्या आजी पायऱ्यांवर बसून सुपानं पाणी बाहेर लोटत होत्या. हिशेब साधा आहे: एक इंच पाऊस पडला तर आमच्या १६८ चौरस फुटांच्या अंगणात सुमारे चारशे लिटर पाणी पडतं. म्हणजे दोनशे लिटरची दोन पिंपं. चौदा अंगणांची अठ्ठावीस पिंपं, तीसुद्धा छपराचं पाणी न धरता. हे पाणी आधी मातीत मुरत होतं. आता ते त्या आजींच्या घरात जात होतं, आणि वरच्या तेरा घरांना त्याचं काही वाटत नव्हतं.

आपल्या गावाला हे नवीन नाही. कुंभमेळ्याच्या कामांत गोदापात्रातल्या जुन्या कुंडांवर काँक्रीट ओतलं गेलं आणि ते काढा म्हणून सांगायला नागरिकांना उच्च न्यायालयाचा दरवाजा वाजवावा लागला. ज्या गावाला एकेकाळी गुलशनाबाद म्हणत, तिथे माती दिसली की लोकांना आता काम अर्धवट राहिल्यासारखं वाटतं.

लॉकडाउनमुळे दीड वर्ष गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत मिस्त्री ठरवला, आणि शेजारधर्म म्हणून सोसायटीला एक ओळीचं पत्र दिलं. परवानगी मागितली नव्हती, कळवलं होतं. त्यावर सभा लागली. तेव्हाचे चेअरमन म्हणाले, तुम्ही ‘मूळ रचना’ बदलताय, महापालिकेची लेखी परवानगी आणा. एकजण म्हणाले डास होतील. शेजारचे म्हणाले आमच्या भिंतीला ओल येईल. मी इतकंच विचारलं, की चौदा घरांनी कोबे घातले, फरश्या घातल्या, तेव्हा यातल्या कुणी, कुठली परवानगी आणली होती? कागद दाखवा, मीही आणते. कुणाकडे कागद नव्हता. पण ठराव झाला माझ्याच विरुद्ध.

‘मूळ रचना’ हा शब्द डोक्यातून जाईना. म्हणून माहिती अधिकारात, दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प लावून, आमच्या ओळीच्या मंजूर नकाशाची नक्कल काढली आणि ओळखीच्या आर्किटेक्टकडे नेली. त्यांनी घरांच्या पुढच्या पट्ट्यावर बोट ठेवलं. तिथे काहीच काढलेलं नव्हतं. पुढचं सामासिक अंतर, मोकळी जागा. ना कोबा, ना गाडी. म्हणजे मूळ रचना होती मातीच. मी ती बदलत नव्हते, परत आणत होते. पुढच्या सभेत मी नकाशा टेबलावर पसरला आणि बोलायला कुणी उरलं नाही. तुम्हाला माझा पहिला सल्ला हाच: वाद घालू नका, मंजूर नकाशा काढा. परवानगीपेक्षा तो कागद जास्त कामाचा आहे.

आता कायद्याचं, जेवढं तुमच्या कामाचं आहे तेवढं. १९६६ च्या नगररचना अधिनियमात परवानगीचा प्रश्न येतो तो बांधकामाला आणि जमिनीचा वापर बदलण्याला. घरासमोर फुलझाडं लावल्यानं राहत्या घराचा वापर बदलत नाही. राष्ट्रीय इमारत संहितेत परवाना नको असलेल्या किरकोळ कामांची यादी आहे, तीत रंगकाम, गिलावा, नवी फरशी यांच्याबरोबर बागकामही आहे. नाशिकला आता २०२० च्या डिसेंबरमध्ये मंजूर झालेली युनिफाइड डीसीपीआर, म्हणजे बांधकामाची एकत्रित नियमावली, लागू आहे आणि त्या नियमावलीलाही सामासिक अंतर मोकळंच हवं असतं. बागेच्या निमित्तानं कंपाउंडची भिंत वाढवायला मात्र जाऊ नका. रस्त्याकडच्या भिंतीला उंचीची मर्यादा आहे आणि तिथे परवानगीचा प्रश्न खरोखर येतो. तसंच फाटकाबाहेरचा पट्टा, कितीही आपला वाटला तरी, रस्त्याचा आहे. तिथे वाफे काढलेत तर ते अतिक्रमण.

आणि एक गोष्ट मला ठळकपणे सांगायचीय. झाड तोडायला परवानगी लागते. स्वतःच्या अंगणातलं, स्वतः लावलेलं असलं तरी. महाराष्ट्रात त्यासाठी १९७५ पासून कायदा आहे आणि अर्ज वृक्ष अधिकाऱ्याकडे करायचा असतो, महापालिकेत तो उद्यान विभागात. म्हणजे २००६ मध्ये आमच्या अंगणात परवानगी लागत होती ती भाऊजींना, आणि त्यांनी घेतली नाही. २०२१ मध्ये मला लागत नव्हती, तर सगळे माझ्याकडे मागत होते. तपोवनातली झाडं कुंभमेळ्याच्या साधुग्रामासाठी तोडू नयेत म्हणून २०२५ मध्ये नाशिककर रस्त्यावर उतरले, मीही गेले होते. तिथे आमच्या ओळीतले दोघं भेटले. दोघांच्याही अंगणात बोटभर माती नाही. मी त्यांना तिथल्या तिथे तसं सांगितलं.

प्रत्यक्ष कामाबद्दल. वर चार इंच पीसीसी, म्हणजे साधं काँक्रीट, निघेल, खाली नऊ इंच दगडाचं सोलिंग, आणि त्याखाली बिल्डरनं पुरलेला माल. आमच्याकडे विटांचे तुकडे, सिमेंटची गोठलेली पोती आणि एक अख्खा तुटका संडासचा पॉट निघाला. नुसता कोबा फोडून वर माती पसरली तर काहीही जगणार नाही, दोन फूट तरी उपसा. नुसत्या काँक्रीटचंच वजन आमच्याकडे पावणेचार टनांच्या आसपास भरलं असेल. सगळं मिळून ट्रॅक्टरच्या चार ट्रॉल्या गेल्या. हा राडारोडा ठेकेदार नासर्डी नदीच्या काठी नेऊन टाकायला तयार असतो, त्याला आधीच बजावा. त्यासाठी केंद्राचे स्वतंत्र नियम आहेत, रस्त्यावर आणि नाल्यात टाकायला बंदी आहे, आणि ज्याच्या घरातून निघाला त्याची जबाबदारी असते. आमचा मुरूम आणि दगड जवळच्याच एका बांधकामावर भरावाला गेले.

ब्रेकर चालवायच्या आधी पाण्याची लाइन कुठून गेलीय ते शोधा. आमच्या मिस्त्रीनं पहिल्याच सकाळी पाण्याचा जुना लोखंडी (जीआय) पाइप फोडला आणि संध्याकाळपर्यंत पाणी वाहिलं. चूक माझी होती, बिल्डरचा प्लंबिंगचा नकाशा कपाटात होता आणि मी तो दाखवला नाही. तुमच्याकडे पाइपचा गॅस असेल तर ती लाइन, विजेची केबल, अर्थिंग, ड्रेनेजची चेंबरं, सगळ्यावर आधी खडूनं खुणा करा. चेंबरची झाकणं मातीखाली गाडू नका.

भरायला साडेतीन ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट) माती लागली. दोन भाग पोयटा, एक भाग शेणखत, आणि माती मोकळी राहावी म्हणून भाताचं तूस. निव्वळ काळी माती भरू नका, पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. पाया तडकायचा असेल तर असल्या मातीच्या फुगण्या-आक्रसण्यानं तडकतो, प्राजक्ताच्या मुळांनी नाही. वड, पिंपळ, उंबर यांची गोष्ट वेगळी, ते घराजवळ नकोतच. पण प्राजक्त, कढीपत्ता, अनंत, जास्वंद, मोगरा यांना घाबरणं हा निव्वळ अडाणीपणा आहे. शेजाऱ्यांच्या ओलीच्या भीतीत मात्र तथ्य होतं. म्हणून सामाईक भिंतीलगत दीड फुटाचा पट्टा पक्काच ठेवला, मातीची पातळी जोत्याच्या सहा इंच खाली ठेवली आणि उतार घरापासून लांब दिला. पाच पावसाळे झाले, त्यांची भिंत कोरडी आहे. छपराच्या पाइपाखाली विटांच्या तुकड्यांचा एक खड्डा केलाय, तेवढं पाणी तिथेच जिरतं.

खर्चाचं विचारलंत, पण माझा आकडा २०२१ चा आहे आणि आज तो तुम्हाला फसवेल. मजुरी, ट्रॉली आणि माती यांचे दर वेगवेगळे मागा, एकगठ्ठा ठेका देऊ नका.

हे सगळं आमच्यासारख्या घरांना लागू. तुमचं खरेदीखत जरूर वाचा. अपार्टमेंट पद्धतीनं नोंद असेल तर डीड ऑफ डिक्लरेशनमध्ये, म्हणजे बिल्डरनं नोंदवलेल्या घोषणापत्रात, पुढची जागा सामाईक लिहिलेली असू शकते, आणि मग सोसायटीची संमती खरंच लागेल. सिडकोचं घर असेल तर भाडेपट्ट्याच्या अटी बघा. आणि मंजूर नकाशात त्याच जागी पार्किंग दाखवलेलं असेल, तर ते पुरतं बुजवू नका. दोन चाकांच्या पट्ट्या फरशीच्या ठेवा आणि मध्ये, बाजूला हिरवळ करा. हे मी सुरुवातीलाच सांगायला हवं होतं.

सासूबाईंच्या प्राजक्ताच्या बिया माझ्या आईनं पूर्वी सिन्नरला नेऊन लावल्या होत्या. त्याच झाडाखालचं रोप आणून मी फाटकाशेजारी लावलं. तिसऱ्या वर्षी फुलायला लागलं. गल्लीतल्या आणखी दोघांनी अर्धंअर्धं अंगण उघडलंय. शेवटच्या घरातल्या आजींनी त्या दोघांकडे स्वतः जाऊन सांगितलं होतं. भाऊजी दिवाळीला येतात तेव्हा गाडी बाहेर रस्त्यावर लावतात, आणि चहा होईपर्यंत आमचं त्यावरून बोलणं होतंच. जाऊबाई मात्र जाताना फुलांची परडी भरून नेतात.