रिक्षातली झोप

प्रश्न : मावशी, माझी मुलगी आठ महिन्यांची आहे. मी पुन्हा ऑफिसला जायला लागल्यापासून ती दिवसभर पाळणाघरात असते. सकाळी ६.३० ला उठते. ९ ते १० झोपते, मग दुपारी १ ते १.३५. संध्याकाळी पावणेसहाला तिला घेऊन रिक्षात बसले की पहिला सिग्नल यायच्या आत ही गाढ! घरी आणून ठेवली की थेट ७.३० ला डोळे उघडते आणि रात्री ११.३० पर्यंत टक्क जागी. सासूबाई म्हणतात, झोपलेल्या लेकराला उठवू नये. आणि त्याच म्हणतात, तिन्हीसांजेला झोपू देऊ नये. मी नक्की काय करू? खरं सांगायचं तर तेवढ्या वेळात माझा स्वयंपाकही उरकतो.
– एक आई, पिंपरी

उत्तर : ही दोन्ही वाक्यं माझ्या आईचीही होती. दोन्ही एकाच संध्याकाळी पाळायची कशी, हे मात्र तिने कधी सांगितलं नाही. माझा थोरला अगदी तुझ्या लेकीसारखा. मिरजेला मुलांच्या वॉर्डात माझी ड्यूटी, दिवसभर तो तिथेच आईकडे, आणि आमचं घर सांगलीला. सिटी बसमध्ये बसलं की विश्रामबाग आलं रे आलं, याने मान टाकलीच. वॉर्डातल्या दहा बाळांच्या झोपेचं मला कळायचं. घरच्या एकाने मात्र मला महिनाभर रडवलं.

आता तू दिलेल्या वेळांचीच बेरीज करू. रात्री सात तास, सकाळी एक, दुपारी ३५ मिनिटं, संध्याकाळी एक तास चाळीस. सव्वादहा तास झाले. चार महिने ते एक वर्ष या वयाला २४ तासांत १२ ते १६ तास झोप लागते. म्हणजे ‘फार झोपते म्हणून रात्री जागते’ असं घरात कुणी म्हणत असेल, तर ते चूक. पोरगी कमी झोपतेय.

दुसरं बघ. दुपारी १.३५ ला उठलेली, पावणेसहाला रिक्षात. चार तासांच्या वर जागी! या वयाची मुलं एका दमात अडीच-तीन तास तग धरतात, फार तर साडेतीन. तेव्हा ही झोप अवेळी लागते हे खरं, पण आगंतुक नाही. चारच्या सुमाराला मिळायला हवी होती ती झोप उशिरा येऊन वसुली करतेय. जागेपणी मेंदूत झोपेची गरज साठत जाते आणि झोपलं की ती उतरते. संध्याकाळी पावणेदोन तास झोपल्यावर साडेआठला परत कशी झोप येईल?

म्हणून खरा इलाज तुझ्या घरात नाही, पाळणाघरात आहे. तिथल्या ताईंना विचार, दुपारी ३५ मिनिटांतच का उठते? माझा अंदाज, त्याच वेळी शाळेतून मोठी मुलं येत असणार, दप्तरं आपटत असणार. तिला साडेबारालाच आतल्या खोलीत झोपवता येईल का बघा. आणि चारला अर्धा तास पुन्हा आडवी करायला सांग. चारला झोपली, तर रिक्षात बाहेर बघत येईल. दोन-चार महिन्यांत ही तिसरी झोप आपोआप सुटेल, तेव्हा धरून बसू नकोस.

तोवर रिक्षात झोपली तर झोपू दे, पण घरी आल्यावर उठव. वीस मिनिटं झाली, पुरे. उठवायचं म्हणजे हलवायचं नाही हं. दिवा लाव, दुपटं काढ, पायाच्या तळव्यावरून हात फिरव, नाव घेऊन बोल. दहा मिनिटं भोकाड पसरेल. पसरू दे. मग दूध, आणि पावणेनऊला अंथरूण.

एखाद दिवशी साडेसातपर्यंत झोपलीच, तर त्या रात्री साडेआठपासून थोपटत बसू नकोस. दोघी रडाल. दहाला झोपव. दुसऱ्या दिवशी मात्र सकाळी सातच्या पुढे झोपू द्यायचं नाही, आणि दिवसाच्या झोपाही कापायच्या नाहीत. सकाळची उठायची वेळ एवढी एकच घट्ट धर, बाकीचं इकडेतिकडे चालतं. मी बसमधल्या झोपेची भरपाई म्हणून त्याला दुसऱ्या दुपारी झोपूच दिलं नाही एकदा. त्या रात्रीचं तर विचारूच नकोस.

एक काळजीचं. रिक्षात धुराचं म्हणून ओढणी तोंडावरून घेतो ना आपण, ती घेऊ नकोस. चेहरा तुला दिसला पाहिजे, हनुवटी छातीला टेकता कामा नये. घरी आल्यावर झोपाळ्यात किंवा खुर्चीत अर्धवट बसलेली ठेवू नकोस; सपाट, घट्ट गादीवर पाठीवर.

पुढच्या महिन्यात तिची गोवर-रुबेलाची लस असेल. त्या दिवशी किंवा ताप असेल तेव्हा हे काहीच पाळायचं नाही, झोपू दे हवी तेवढी. फक्त दुधालाही उठेना, अंग सैल पडलं, तर डॉक्टर गाठायचा, माझं उत्तर वाचत बसायचं नाही.

सासूबाईंना सांग, उठवायला मिरजेच्या मावशीने सांगितलंय, बोल लावायचा तर तिला लावा. आणि स्वयंपाकाचं म्हणशील, तर तो तासभर आता जाणार. कणीक मळायला तिच्या बाबांना बसव. पहिले आठ दिवस पोळ्या वातड होतील.