घटाबरोबर पेरा, होळीला पाहा

गणपती गेले की माझ्याकडे बियांची पाकिटं आणि प्रश्न एकदमच येऊ लागतात. यंदा हॉलिहॉक सगळ्यांच्या पुढे आहे. जानेवारीत एम्प्रेस गार्डनच्या प्रदर्शनाला जाऊन आलेल्यांनी कुठेतरी उंच दांड्यावरची ती फुलं पाहिली असावीत आणि तेव्हापासून ती डोक्यातून गेली नसावीत.

मुलीने इंग्लंडहून हॉलिहॉकचं पाकीट आणलं. त्यावर एप्रिल ते जूनमध्ये पेरा असं छापलं होतं, म्हणून एप्रिलमध्ये पेरलं. भरपूर उगवलं, पण मे संपेपर्यंत एकही रोप उरलं नाही. बियाणं खराब होतं का? (कोथरूड)

बियाणं उत्तम होतं, म्हणून तर उगवलं. चुकला तो महिना. तिकडचा एप्रिल आपल्या डिसेंबरपेक्षाही गार असतो आणि आपल्या एप्रिलमध्ये दुपारी चाळीसच्या घरात पारा जातो. दोन पानांचं कोवळं रोप त्यात कसं तगणार?

पुण्यात हे हिवाळी झाड समजायचं. सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबरअखेर पेरणी, थंडीभर वाढ आणि फेब्रुवारीपासून फूल. मी स्वतः घटस्थापनेला पेरते. घटासाठी माती चाळून ठेवलेलीच असते, तेवढ्यातच बागेतलं काम उरकतं आणि तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. परतीचा पाऊस झोडपेल अशी भीती असेल तर वाफ्यावर चार दिवस जुनी ओढणी ताणून बांधा. साधारण होळीच्या सुमाराला झाड डोक्याच्या वर गेलेलं असतं.

पाकिटावर आणखी एक गोष्ट वाचा. हॉलिहॉक मुळात द्विवर्षायू आहे. पहिल्या वर्षी जमिनीलगत पानांचा घेर, दुसऱ्या वर्षी दांडा आणि फुलं, असा त्याचा रिवाज. पण पहिल्याच हंगामात फुलणारे वाण निवडीतून तयार झालेले आहेत आणि आपल्याला तेच हवेत, कारण पुण्याच्या पावसाळ्यात पहिल्या वर्षीचं झाड बहुतेक वेळा मुळाशी कुजून जातं. 'वार्षिक' किंवा 'पहिल्या वर्षी फुलणारे' असा उल्लेख नसेल तर ते पाकीट भाचीला भेट द्या, ती एखाद्या थंड, कमी पावसाच्या गावी राहत असली तर.

ट्रेमध्ये कोकोपीटवर पेरलं. आठव्या दिवशी छान उगवलं, बाराव्या दिवशी निम्मी रोपं बुडाशी बारीक होऊन आडवी पडली. उरलेली वाफ्यात लावली तर ती महिनाभर तशीच. (सहकारनगर)

हे दोन वेगळे घोळ आहेत. आडवी पडणं म्हणजे मर. मातीतली बुरशी कोवळ्या देठाला बुडाशीच खाते. ओल जास्त, वारा कमी आणि बी दाट पडलेलं, की ती येतेच. पाणी झारीने वरून न देता ट्रे पाण्यात टेकवून खालून द्या आणि ट्रेवरचं झाकण पहिला अंकुर दिसताच काढा. मी एका वर्षी झाकण दोन दिवस जास्त ठेवलं, कारण मला कौतुकाने फोटो काढायचा होता. फोटो चांगला आला. रोपं गेली.

वाफ्यात रोप रुसण्याचं कारण त्याचं सोटमूळ. गाजरासारखं सरळ खाली जाणारं हे मूळ ट्रेच्या तळाला टेकलं की वळतं आणि उपटताना टोक तुटलं की झाड जणू पुन्हा पहिल्यापासून सुरुवात करतं. म्हणून माझं म्हणणं, ट्रेचा नादच सोडा. बी रात्रभर पाण्यात भिजवा आणि जिथे झाड हवं तिथेच नखभर खोल टोका. दीड-दोन फुटांवर एक जागा, प्रत्येक जागी दोन बिया. दहा-पंधरा दिवसांत उगवतात. चार पानं आली की अशक्त रोप उपटू नका, कात्रीने बुडाशी कापा, म्हणजे शेजाऱ्याचं मूळ हलत नाही. ट्रेशिवाय चालतच नसेल तर वर्तमानपत्राच्या सुरळ्या करून त्यात पेरा आणि तीन-चार पानांवर सुरळीसकट लावा.

तुमच्याकडची माती काळी असेल तर वाफा वीतभर उंच करून त्यात जाडसर वाळू आणि जुनं शेणखत मिसळा. काळी माती पाणी धरून ठेवते आणि हॉलिहॉकला पाय ओले आवडत नाहीत.

पाचव्या मजल्यावरच्या बाल्कनीत येईल का? (बाणेर)

सहा तास ऊन आणि निदान चौदा इंच खोल कुंडी असेल तर येईल. पण पाचव्या मजल्याचा वारा सहा फुटी दांड्याला सरळ उभा राहू देणार नाही. बुटका वाण घ्या आणि काठीला दोन ठिकाणी सैल बांधा.

डिसेंबरमध्ये खालच्या पानांवर पिवळे ठिपके आले. पान उलटलं तर मागे नारिंगी-तपकिरी पुळ्या. झाड काढून टाकू का? (औंध)

झाड राहू द्या, पानं काढा. हा तांबेरा. हॉलिहॉकच्या या बुरशीचं मूळ दक्षिण अमेरिकेतलं. १८७३ मध्ये ती इंग्लंडात दिसली आणि तिथल्या हौशी लोकांनी जपलेल्या दुहेरी, म्हणजे भरगच्च पाकळ्यांच्या, वाणांची तिने धूळधाण केली. तेव्हा तुमच्याकडे आली यात तुमचा दोष नाही.

रोग खालून वर चढतो, कारण खालच्या पानांवर दव आणि पाणी जास्त वेळ टिकतं. पुळ्यांची पानं कापून पिशवीत भरून कचऱ्यात द्या, कंपोस्टमध्ये नाही. बुडाची वीतभर जागा मोकळी ठेवा, पाणी सकाळी आणि फक्त मुळाशी. तरी वर चढला तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला दोन ग्रॅम, दहा-बारा दिवसांनी पुन्हा, भर उन्हात नाही. झाड फुलायला लागल्यावर मी फवारत नाही, मधमाश्या दिवसभर तिथे असतात. खालची पानं झडून उघडे झालेले बुंधे बुटक्या झेंडूमागे लपतात.

पानं सुपाएवढी, फूल एकही नाही. दर आठवड्याला खत घालते. (सिंहगड रस्ता)

खत थांबवा.

आणि दिवाळीनंतर पेरलं होतं का, सावलीत आहे का, हेही पाहा.

आमच्या गुलाबी दुहेरी फुलांचं बी जपून ठेवलं आणि पेरलं, तर पांढरी, मरून आणि एकेरी निघाली. बी बदललं गेलं का? (कर्वेनगर)

बदललं, पण तुमच्या हातून नाही, माशीच्या पायाने. हॉलिहॉक जास्वंद आणि भेंडीच्याच कुळातलं. एकेरी फूल जवळून पाहिलं तर मधोमध तसाच खांब दिसतो, फक्त आखूड. त्यावर आधी पराग सुटतो आणि मग स्त्रीकेसर उलगडतो. म्हणजे फूल तयार होईपर्यंत पराग बहुधा शेजारच्या झाडाचा आलेला असतो. त्यामुळे आईसारखंच मूल होईल ही आशा नको. तोच रंग हवा असेल तर दरवर्षी नवं पाकीट आणा, नाहीतर फक्त त्याच रंगाची झाडं ठेवा आणि शेजाऱ्यालाही राजी करा! मला स्वतःला ही सरमिसळ आवडते. मागच्या वर्षी एक फिकट जर्दाळू रंग निघाला, तो मी कुठल्याही पाकिटावर पाहिलेला नाही.

बी धरायचं तर घाई नको. पाकळ्या गळल्यावर त्यांच्या खालची हिरवी निदलं मिटून बोंड बनतं. ते तपकिरी, कोरडं झालं की उघडून पाहा. आत चपट्या बियांची गोल चकती असते, जणू चवल्यांची चळत वाकवून तिची दोन टोकं जोडली आहेत. बोटाने ढकललं की एकेक सुटते. हिरवट चकती तोडली तर ती सुरकुतते आणि उगवत नाही. दोन दिवस सावलीत वाळवून कागदाच्या पाकिटात ठेवा, डब्यात नको.

बोंडं पिकू लागली की लाल ढेकण्या जमतात, भेंडीवर येतात त्याच. त्या सोंड खुपसून बी आतून पोकळ करतात. मी सकाळी गारठ्यात, त्या सुस्त असताना, बोंडाखाली साबणाच्या पाण्याचं भांडं धरते आणि दांड्याला एक टिचकी मारते.