‘प्रेमीयुगुलाची आत्महत्या’ की खून?

प्रश्न असा आला आहे : बो विडरबर्ग यांच्या ‘एल्विरा मादिगान’ (1967) या स्वीडिश चित्रपटावरच्या टिपणात ‘प्रेमीयुगुलाची आत्महत्या’ असं लिहिलं होतं. तपासणाऱ्यानं ते खोडून ‘प्रेयसीचा खून करून आत्महत्या’ केलं. बरोबर कोणतं? आणि ‘युगुल’ की ‘युगल’?

दुसरा प्रश्न आधी उरकतो. ‘युगल’ संस्कृत, ‘युगुल’ मराठीत रुळलेलं. गाणं युगलगीत, जोडपं प्रेमीयुगुल. दोन्ही राहू द्या.

पहिल्यात खरी गोम आहे. घटना सत्य आहे. स्वीडनच्या घोडदळातला लेफ्टनंट सिक्स्टन स्पारे बायको आणि दोन मुलं सोडून, सैन्यातून फरार होऊन, सर्कशीत दोरीवरून चालणाऱ्या एल्विराबरोबर पळाला. तिचं मूळ नाव हेडविग येन्सन, वय 21. जुलै 1889 मध्ये डेन्मार्कच्या टोसिंगे बेटावरच्या रानात त्यानं तिला गोळी घातली आणि मग स्वतःवर झाडून घेतली.

आता ‘आत्महत्या’ शब्द या दोघांवर ठेवून पाहा. सिक्स्टनला तो चपखल बसतो. एल्विरानं चाप ओढलेला नाही, मग ‘आत्म’ कुठून आणायचं? वर्तमानपत्री मथळ्यांच्या सवयीनं आपण दोघांना एकाच क्रियापदाला जुंपतो आणि कोणी कोणाला मारलं हे त्यात बुडून जातं. म्हणून तपासणाऱ्याची शंका रास्तच होती.

पण त्यानं सुचवलेला ‘खून’ही मला पटत नाही. फारसीत खून म्हणजे रक्त. हिंदीत तो अर्थ टिकला. मराठीत रक्त गळून गेलं आणि गुन्हा तेवढा उरला. खून म्हटलं की समोरच्याची इच्छा नव्हती हे आपण धरूनच चालतो. कायद्याची भाषासुद्धा इथे थबकते. 1860 च्या भारतीय दंड संहितेतल्या (ती 2024 पर्यंत लागू होती) कलम 300 चा पाचवा अपवाद सांगत असे की मरणारी व्यक्ती अठरा वर्षांवरची असेल आणि तिची संमती असेल, तर तो खून नव्हे, सदोष मनुष्यवध. डेन्मार्कला आपला कायदा लागू नाही हे उघड आहे, पण मराठीतल्या ‘खून’ शब्दाची कड कुठवर जाते ते त्यावरून कळतं. (नुसता ‘वध’ मात्र नको. तो कंसाचा होतो.)

चित्रपटाचा शेवट आठवा. सिक्स्टन तिला मिठीत घेऊन पिस्तूल रोखतो, पण हात धजत नाही. ती उठून फुलपाखरामागे जाते, ते ओंजळीत धरते, आणि तिथेच चित्र थिजतं. मग गोळीचा आवाज. विडरबर्ग रक्त दाखवत नाहीत, प्रेतही नाही. प्रेमकथा आणि गुन्हा यांतली रेघ ते प्रेक्षकावर सोडतात. टिपणातला ‘खून’ ती रेघ आधीच ओढून टाकतो; ‘युगुलाची आत्महत्या’ ती पुसून टाकते.

मराठीत यासाठी जुनी, साधी सोय आहे : जीव देणं आणि जीव घेणं. ‘दोघांनी जीव दिला’ हे तोंडी बोलताना खपेल, कारण त्यात हत्यार कोणाच्या हाती होतं याचा दावा नाही. लेखी टिपणात मी सरळ वाक्य लिहीन : ‘सिक्स्टन एल्विराला तिच्या संमतीनं गोळी घालतो आणि नंतर स्वतःचा जीव देतो.’ ‘गोळी मारतो’ नको, ते हिंदी वळण. ‘संमतीनं’ मात्र गाळू नका. सगळा वाद त्या एका शब्दावर आहे. मथळ्याला जागा कमी पडत असेल, तर ‘प्रेमीयुगुलाचा अंत’ लिहा.